चढाई आठवड्याची, संशोधन तीस वर्षांचे

२६ सप्टेंबर २०१४ रोजी टांझानियातल्या किलिमांजारो पर्वतावर, ५,७३० मीटर उंचीवर, निद्रिस्त ज्वालामुखीच्या मुखात राखेवर मॅट अंथरून क्रिकेटचा सामना झाला. इंग्लंडचा माजी डावखुरा फिरकीपटू ॲशली जाइल्स त्यात होता, दक्षिण आफ्रिकेचा माजी वेगवान गोलंदाज मखाया एन्टिनी होता, इंग्लंडच्या महिला संघाची माजी कर्णधार क्लेअर कॉनर होती. हेदर नाइट तेव्हा ऐन उमेदीत खेळत होती, तीही आली होती. त्या उंचीवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या साधारण निम्मा असतो. चार पावले भरभर टाकली तरी धाप लागते, तिथे धावत येऊन चेंडू टाकायचा आणि चोरटी धाव घ्यायची. २००९ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याजवळ गोरक शेपला ५,१६५ मीटरवर झालेल्या सामन्याचा विक्रम या सामन्याने मोडला. जगभरच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून आली.

यातून उभा राहणारा पैसा तीन ठिकाणी जायचा होता. एक वाटा रवांडातल्या क्रिकेट मैदानाला, एक आफ्रिकेतल्या वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या ‘टस्क’ संस्थेला आणि एक ‘कॅन्सर रिसर्च यूके’ला. यातले मैदान २०१७ मध्ये किगालीजवळ गहांगा इथे उभे राहिले. तिथे जाऊन गवतावर बसता येते, मुले खेळताना दिसतात, आपला पैसा कुठे गेला हे देणगीदाराला बोट दाखवून सांगता येते. कर्करोग संशोधनाला गेलेल्या पैशाचे असे काही दाखवता येत नाही. तो कुठल्या तरी प्रयोगशाळेतल्या रसायनांत, कुठल्या तरी पीएच.डी. करणाऱ्या मुलीच्या दोन वर्षांच्या वेतनात आणि चार फसलेल्या प्रयोगांत विरघळून जातो. पाचवा प्रयोग यशस्वी झालाच, तर तो दुसऱ्या देशात, दुसऱ्या कोणाच्या नावावर होतो.

माजी खेळाडूंनी डोंगर चढून कर्करोगासाठी निधी गोळा करण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. तिच्याबद्दल कौतुकाने लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण खेळाडूंच्या घामातून आलेल्या पैशाने कर्करोगाच्या संशोधनाला खरोखर काय दिले, हे पाहायचे असेल तर पाऊणशे वर्षे मागे जावे लागते. तिथून पाहिले की शिखर गाठण्याला या कामात वाटते तितके महत्त्व नाही, हे ध्यानात येते. ज्यांनी खरा फरक घडवला त्यांचे मोठेपण दरवर्षी परत येण्यात होते, आणि पैसा कशावर खर्च व्हावा याबद्दल हट्टी असण्यात होते.

१९४७ मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे विकृतिशास्त्रज्ञ तळघरात काम करत होते. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली मुले तेव्हा काही आठवड्यांत दगावत. फॉलिक ॲसिड मिळाले की या मुलांच्या रक्तातल्या रोगट पेशी जोमाने वाढतात, असे त्यांना दिसले. मग फॉलिक ॲसिडचे काम अडवणारे औषध दिले तर? असे औषध बनवून देणारा माणूस न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत होता. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ॲमिनोप्टेरिन हे औषध तयार केले, आणि त्याचेच भावंड म्हणजे पुढे मेथोट्रेक्सेट या नावाने जगभर गेलेले औषध. फार्बर यांनी १६ मुलांना ॲमिनोप्टेरिन दिले. त्यातल्या दहा मुलांचा आजार काही काळ मागे हटला. काही काळच, आणि पुन्हा उलटला. पण मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाला औषधाने मागे रेटता येते, हे वैद्यकाच्या इतिहासात पहिल्यांदा दिसले होते. या उपचारांवरचा फार्बर यांचा शोधनिबंध ३ जून १९४८ रोजी प्रसिद्ध झाला.

त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, २२ मे १९४८ च्या रात्री, अमेरिकेतल्या एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात फार्बर यांचा एक बारा वर्षांचा रुग्ण बोलला. ओळख लपवण्यासाठी त्याला ‘जिमी’ म्हटले होते. सूत्रसंचालक राल्फ एडवर्ड्स लॉस एंजेलिसहून त्याच्याशी गप्पा मारत होते, आवडते बेसबॉल खेळाडू कोण ते विचारत होते. मुलगा बोस्टन ब्रेव्ह्ज संघातले एकेक नाव घेई, आणि तो तो खेळाडू त्याच्या खाटेशी प्रत्यक्ष येऊन उभा राही. मुलाला सामने बघण्यासाठी दूरदर्शन संच हवा होता. वीस हजार डॉलर जमले तर संच देऊ, असे श्रोत्यांना सांगण्यात आले. त्या वर्षात २ लाख ३१ हजारांवर डॉलर आले. त्यातून ‘जिमी फंड’ उभा राहिला, आणि फार्बर तळघरातून बाहेर आले. १९५३ मध्ये ब्रेव्ह्ज संघ बोस्टन सोडून मिलवॉकीला गेला, तेव्हा हे काम बंद पडू शकले असते. शहरातला दुसरा संघ, रेड सॉक्स, पुढे आला. त्या संघाचा महान फलंदाज टेड विल्यम्स वर्षानुवर्षे या मुलांसाठी झटला. आज सत्तराहून अधिक वर्षे झाली, हे नाते टिकून आहे. आणि ‘जिमी’? तो केव्हाच गेला असेल असे सगळ्यांनी धरून चालले होते. १९९८ मध्ये कळले की तो जिवंत आहे. आइनर गुस्टाफसन, व्यवसायाने ट्रकचालक, तीन मुलींचा बाप.

सुब्बाराव मात्र त्याच १९४८ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी वारले. त्यांच्या औषधाचा पुढचा प्रवास त्यांनी पाहिला नाही, आणि आपल्याकडच्या शाळेतल्या पुस्तकांतही तो नीट आलेला नाही.

हा प्रवास पुढे एका धावपटूच्या पायापर्यंत येतो. १९७७ मध्ये कॅनडातल्या अठरा वर्षांच्या टेरी फॉक्सच्या उजव्या गुडघ्यात हाडाचा कर्करोग निघाला आणि त्याचा पाय मांडीपासून कापावा लागला. तो विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळणारा मुलगा. डॉक्टरांनी त्याला सांगितले की तो जगण्याची शक्यता शंभरात पन्नास आहे, आणि दोनच वर्षांपूर्वी हीच शक्यता शंभरात पंधरा असती. हा आकडा त्याच्या मनात घर करून बसला. दोन वर्षांत हा फरक कोणी घडवला? १९७० च्या दशकाच्या आरंभी डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट फार मोठ्या मात्रेत द्यायचे आणि लगोलग त्याचा उतारा देऊन रोग्याला वाचवायचे, ही पद्धत हाडांच्या कर्करोगावर बसवली होती. हे काम ज्या गावात झाले ते गाव बोस्टन, आणि जिथे झाले ती संस्था फार्बर यांची. १९४८ मध्ये रेडिओ ऐकून लोकांनी पाकिटात घालून पाठवलेली नाणी तीस वर्षांनी अशी फळाला येत होती. टेरीला बहुधा त्या नाण्यांची कथा ठाऊक नसावी, पण संशोधनाने माणसे वाचतात हे त्याला स्वतःच्या शरीरावरून कळले होते.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर त्याने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि पश्चिमेकडे धावायला सुरुवात केली. रोज जवळपास एक मॅरेथॉन. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला थंडर बे गावाजवळ त्याला थांबावे लागले, कारण कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. प्रत्येक कॅनडावासीयामागे एक डॉलर हे त्याचे मागणे होते. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४१ लाख डॉलर जमले, म्हणजे मागणे पुरे झाले. त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला, वयाची २३ वर्षेही भरली नव्हती. ब्रिटिश कोलंबियातल्या रॉकी पर्वतरांगेतल्या एका शिखराला त्याचे नाव दिले गेले.

टेरीची एक गोष्ट मला त्याच्या धावण्याइतकीच मोलाची वाटते. त्याने घालून दिलेल्या अटी. कोणत्याही कंपनीची जाहिरात करायची नाही, या धावण्यातून कोणी नफा कमवायचा नाही, आणि गोळा झालेला पैसा संशोधनालाच जायला हवा. त्याच्या मागे सप्टेंबर १९८१ पासून दरवर्षी होणाऱ्या टेरी फॉक्स रनमध्ये आजही स्पर्धा नसते, बक्षीस नसते. चालत या, सायकलवर या, मुलाला खांद्यावर घेऊन या. मुंबईतही ही दौड झाली आहे. विशीतल्या मुलाने घातलेल्या त्या अटी नंतरच्या कित्येक वयस्क मोहिमांना जमलेल्या नाहीत.

आता क्रिकेटकडे. १९७७ च्या मोसमात इंग्लंडच्या इयन बोथमच्या पायाला दुखापत झाली आणि तो टॉन्टनच्या मस्ग्रोव्ह पार्क रुग्णालयात उपचारासाठी गेला. जाता जाता मुलांच्या वॉर्डात काही मुले हसत-खेळत बसलेली त्याने पाहिली. यांना काय झाले आहे, असे त्याने विचारले तेव्हा कळले की रक्ताचा कर्करोग आहे आणि यातली बहुतेक वाचणार नाहीत. त्या काळी ब्रिटनमध्ये हा आजार झालेल्या पाच मुलांतले साधारण एक वाचत असे. बोथम त्या वेळी नुकताच कसोटी खेळू लागला होता. पुढची आठ वर्षे त्याने धावा केल्या, बळी घेतले, वर्तमानपत्रांशी भांडणे केली, आणि १९८५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर तो स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, जॉन ओ’ग्रोट्सला, जाऊन उभा राहिला. तिथून इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापर्यंत, लँड्स एंडपर्यंत, सुमारे ९०० मैल चालत. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बादल्यांत नाणी टाकत होते. त्या एका पदयात्रेतून आठ लाखांहून अधिक पौंड जमले.

१९८८ मध्ये त्याने आल्प्स पर्वत ओलांडला. हॅनिबलने इसवीसनपूर्व २१८ मध्ये रोमवर चाल करताना नेले होते तसे हत्ती बरोबर घेऊन, फ्रान्समधल्या पर्पिन्यांपासून इटलीतल्या तुरिनपर्यंत. मुक्या जनावरांना अशा चढाला जुंपणे आज कोणी मान्य करणार नाही आणि करूही नये. पण आल्प्सच्या खिंडीतून चालणारा कसोटीपटू ज्या आजारासाठी चालत होता, त्याची चर्चा त्या वर्षी युरोपभर झाली.

बोथमचा पैसा ज्या ‘ल्युकेमिया रिसर्च’ संस्थेला गेला, ती १९६० मध्ये मिडल्सब्रो गावातल्या एका कुटुंबाने सहा वर्षांची मुलगी गमावल्यावर सुरू केली होती. आज ती ‘ब्लड कॅन्सर यूके’ या नावाने ओळखली जाते. तिने पैसा कशात घातला हे पाहण्यासारखे आहे. चमत्कारी औषधाच्या शोधाइतकाच तो कंटाळवाण्या, हळू चालणाऱ्या कामातही गेला. कोणत्या मुलाला औषधाची मात्रा वाढवायची, कोणाला कमी पुरते. मेंदूभोवतीच्या द्रवात लपलेल्या पेशी कशा मारायच्या. उपचारानंतर अस्थिमज्जेत हजारांत एखादी रोगट पेशी उरली आहे का ते कसे ओळखायचे. प्रत्येक चाचणीला पाच-सात वर्षे लागतात आणि निष्कर्ष निघतो तो दोन-चार टक्क्यांचा. असे दोन-चार टक्के जोडत जोडत आज ब्रिटनमधली दहापैकी जवळपास नऊ मुले या आजारातून वाचतात. बोथम १९९३ मध्ये क्रिकेटमधून निवृत्त झाला, पण चालायचे थांबला नाही. १९८५ ते पुढची पंचवीसहून अधिक वर्षे तो पुन्हा पुन्हा रस्त्यावर येत राहिला. १९८५ साली बादलीत नाणे टाकणारा बाप पुढच्या यात्रेत आपल्या वाचलेल्या मुलाला घेऊन कडेला उभा राहू शकला, तो या टिकून राहण्यामुळे.

डोंगर चढून निधी जमवण्याची रीत खेळाडूंनी एकट्यांनी घडवली असे नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या १७ स्त्रिया दक्षिण अमेरिकेतल्या अकोंकाग्वा या जवळपास सात हजार मीटर उंच पर्वतावर गेल्या. सगळ्याच स्तनांच्या कर्करोगातून गेलेल्या होत्या. लॉरा इव्हान्स ही त्यांची प्रेरणा. डोंगरांत रमणारी ही बाई कठोर उपचारांतून उठली आणि तिने ठरवले की आपल्यासारख्यांना शिखराच्या वाटेवर न्यायचे आणि संशोधनासाठी पैसा उभा करायचा. या मोहिमेतून जो निधी तयार झाला त्याने पुढे शास्त्रज्ञांना दरवर्षी एकत्र आणले. वेगवेगळ्या प्रयोगशाळांतली माणसे एकमेकांपासून कामे लपवतात, त्यांना चार दिवस एका छताखाली बसवले तर वर्षांची बचत होते, हे तिने ओळखले होते. लॉरा २००० मध्ये मेंदूच्या कर्करोगाने गेली.

आणि टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवा. २०१० च्या आरंभी तिला स्तनाचा कर्करोग असल्याचे कळले, उन्हाळ्यात तिने किरणोपचार घेतले आणि डिसेंबरात ती किलिमांजारो चढायला निघाली. तिची मोहीम कर्करोगासाठी नव्हती, खेळातून वंचित मुलांना उभे करणाऱ्या लॉरियस प्रतिष्ठानासाठी होती. साधारण ४,५०० मीटरच्या आसपास तिच्या फुप्फुसांत पाणी झाले आणि तिला खाली आणावे लागले. शरीर तयार असलेल्या माणसालाही पर्वत परत पाठवतो, आणि पुष्कळदा खेळाडूच या भ्रमात असतात की आपले शरीर आपले ऐकेल. अति उंचीवरच्या या त्रासाचा तंदुरुस्तीशी फारसा संबंध नसतो. किती हळू चढलो, यावर तो ठरतो. निधीची मोहीम आखणाऱ्यांनी हे विसरता कामा नये, कारण देणगीदारांना तारखा दिलेल्या असतात, कॅमेरे बरोबर असतात, आणि थांबायला हवे तिथे पाय पुढे पडतो.

या वाटेवर एक मोठी पडझडही झाली. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग कर्करोगातून उठून टूर द फ्रान्सची सात विजेतेपदे घेऊन गेला, त्याच्या प्रतिष्ठानाचे पिवळे मनगटी पट्टे २००४ पासून कोट्यवधींनी घातले, आणि २०१२ मध्ये ती सगळी विजेतेपदे उत्तेजकांच्या प्रकरणात काढून घेतली गेली. ज्या प्रतिष्ठानाला त्याचे नाव होते त्याला ते बदलावे लागले. रोग्यांना दिलेली मदत खरी होती, तिच्यावर डाग लागला तो एका माणसाच्या खोटेपणाचा. एका खेळाडूच्या प्रभावळीवर सगळे उभारले की हा धोका असतोच. जिमी फंडाने मात्र एक संघ गेला तर दुसरा धरला.

किलिमांजारोवर परत जाऊ, कारण तिथे आणखी एक हिशेब बाकी आहे. १८८९ मध्ये हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर यांनी हे शिखर पहिल्यांदा गाठले, तेव्हा चग्गा जमातीचा योहानी लाउवो त्यांना वाट दाखवणाऱ्यांत होता, असे सांगतात. तेव्हापासून आजपर्यंत या डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे दोन-तीन तरी स्थानिक माणसे तंबू, भांडी, पाणी आणि अन्न डोक्यावर आणि पाठीवर घेऊन चढतात. एका पोर्टरने वीस किलोपेक्षा जास्त ओझे उचलू नये असा नियम आहे, आणि तो पुष्कळदा मोडला जातो. गरम कपडे आणि चांगले बूट नसलेली माणसे थंडीत रात्र काढतात. २००३ पासून या पोर्टरांच्या मजुरीसाठी आणि कपड्यांसाठी काम करणारी एक संस्था मोशी गावात आहे, ती कोणत्या कंपन्या नीट वागतात याची यादी ठेवते. लंडनमधल्या रुग्णासाठी चढणाऱ्याने आपली बॅग उचलणाऱ्याला पूर्ण मजुरी मिळते की नाही हे आधी विचारायला हवे. हा आग्रह मला फुकाचा वाटत नाही. एका माणसाच्या जिवासाठी उभा केलेला पैसा दुसऱ्याच्या जिवावर उभा राहता कामा नये.

आता आपल्या घराकडे येऊ, कारण या इतिहासाचे एक पान मुंबईचे आहे आणि ते बोस्टनच्या जिमीपेक्षा जुने आहे.

मेहेरबाई टाटा टेनिस खेळत. साडी नेसून, आणि चांगल्या खेळत. पश्चिम भारतातल्या स्पर्धांतून त्यांनी साठाहून अधिक चषक मिळवले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीत मोहम्मद सलीम यांच्या जोडीने त्यांचे नाव होते. पती दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा चमू पाठवायला पुढाकार आणि पैसा दिला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्या चमूतला बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. अशा खेळवेड्या घरात १९३१ च्या जूनमध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. वर्षभरात दोराबजीही गेले, पण जाण्याआधी त्यांनी १९३२ मध्ये ‘लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट’ स्थापन केला आणि त्याच्या पैशाचा मोठा वाटा रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी, जगाच्या पाठीवर कुठेही, राखून ठेवला. फार्बर यांच्या पहिल्या औषधाला अजून पंधरा वर्षे होती. या आजाराला औषध असू शकते असेही तेव्हा फारसे कोणाला वाटत नव्हते, आणि मुंबईतला एक शोकाकुल पती अनोळखी देशांतल्या संशोधकांना शिष्यवृत्त्या द्यायची तरतूद करत होता.

मेहेरबाईंच्या गळ्यातला २४५ कॅरटचा जुबिली हिरा नंतर विकला गेला आणि त्याचा पैसा दोराबजींच्या विश्वस्त निधीत आला. त्या निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्याच माणसांच्या सवयींतून होणाऱ्या कर्करोगांचा अभ्यास केला. तंबाखू-सुपारीने होणारा तोंडाचा कर्करोग, कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या घर्षणाने होणारा कातडीचा कर्करोग. इथल्या आजारांची उत्तरे इथेच शोधायला हवीत, हे त्यांनी दाखवून दिले. १९६२ मध्ये हे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे गेले ते होमी भाभांच्या प्रयत्नांतून, आणि मेहेरबाई या भाभांच्या सख्ख्या आत्या. १९५१ मध्ये ‘इंडियन कॅन्सर सोसायटी’ डॉ. जस्सावाला यांच्या जोडीने स्थापणारे नवल टाटा हे भारतीय हॉकी महासंघाचे अध्यक्षही होते. खेळ आणि कर्करोग यांचे नाते आपल्याकडे कोणी बाहेरून आणून लावलेले नाही.

मग पुढे काय झाले? रुग्णालये वाढली, रोग्यांना मदत करणारे हात वाढले, आणि त्याबद्दल महाराष्ट्राने अभिमान बाळगावा. परळच्या फुटपाथवर राहणाऱ्या रोग्याच्या नातेवाइकांना जेवण देणारी मंडळे आहेत, औषधांसाठी धावणारे लोक आहेत. युवराज सिंगने स्वतःच्या आजारानंतर ‘यूवीकॅन’ उभे केले. २००४ पासून मुंबई मॅरेथॉनमध्ये हजारो लोक वेगवेगळ्या संस्थांसाठी पैसा जमवतात. पण संशोधनासाठी म्हणून लोकांनी दिलेला पैसा अजून थोडाच आहे. डोळ्यांसमोरच्या रोग्याचे दुःख पाहून खिशात हात जातो. तीस वर्षांनी न होणाऱ्या रोगासाठी तो जात नाही. हे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच तो हात वळवायला नामवंत माणसे लागतात.

याची किंमत आपण कशी मोजतो, याचे एक उदाहरण पुरे. १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या, थोडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी गर्भाशयमुखावर सौम्य व्हिनेगर लावायचे आणि मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते पाहायचे. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. बारा वर्षांनी दिसले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये हे निष्कर्ष अमेरिकेतल्या मोठ्या परिषदेत मांडले गेले तेव्हा साऱ्या जगाने दखल घेतली. आपल्या वस्त्यांतल्या आयाबहिणींवरच्या या अभ्यासाचा खर्च मुख्यतः अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने उचलला होता. अमेरिकी करदात्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण बारा वर्षे चालणाऱ्या अशा स्वस्त, शहाण्या कामासाठी पैसा आपल्या लोकांतून उभा राहू नये, याचे दुःख वाटते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला मान्यता मिळाली. रोग्याच्याच रक्तातल्या पेशी बदलून त्या रक्ताच्या कर्करोगावर सोडणारा हा उपचार अमेरिकेतल्या किमतीच्या जवळपास दहाव्या भागात देता येतो. पुढची पायरी, तो उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी परवडेल असा करणे, हे संशोधनच आहे.

महाराष्ट्रात निवृत्त कबड्डीपटू आहेत, कुस्तीगीर आहेत, रणजी खेळलेले आहेत, धावपटू आहेत, आणि कळसूबाईपासून हिमालयापर्यंत चढणारी माणसे गावोगाव आहेत. त्यांनी किलिमांजारोला जायची गरज नाही. १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर दरवर्षी एका ठरलेल्या रविवारी चढावे, प्रवासाचा खर्च स्वतःचा स्वतः करावा, आणि भंडारदऱ्याकडच्या ज्या गावांतून वाट जाते तिथल्या माणसांना त्यांच्या कामाचे पूर्ण मोल द्यावे. निघण्याआधी एक कागद छापावा: पैसा कोणत्या संस्थेच्या कोणत्या अभ्यासाला जाणार, तो अभ्यास किती वर्षे चालणार, प्रमुख संशोधक कोण. दरवर्षी त्या संशोधकाने पायथ्याशी येऊन गेल्या वर्षात काय झाले ते मराठीत सांगावे, फसलेले प्रयोगही सांगावे. एक खेळाडू थकला तर दुसऱ्याने जागा घ्यावी, एका तालमीने हात काढला तर दुसरीने धरावा. पहिल्या वर्षी रक्कम थोडीच जमेल. जिमीच्या वेळीही मागणी वीस हजार डॉलरांचीच होती.